उपाशी पोटी एकतीस मजले

सकाळचे सव्वानऊ वाजले की योगेशराव खैरनार आपली खुर्ची ओढत जिन्याच्या तोंडाशी आणत आणि कान देऊन बसत. घर एकतिसाव्या मजल्यावर. सुवर्णाबाईंची पावलं त्यांना साधारण दहाव्या मजल्यापासून ऐकू येऊ लागत. शेजाऱ्यांना ती पंचविसाव्या मजल्यावरूनही येत नसत. पण योगेशरावांनी चाळीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केली होती. कुठल्या मजल्यावर दोर घासतोय, कुठल्या दाराचं चाक झिजलंय, हे ते तळघरात उभे राहून नुसत्या आवाजावरून सांगत. तो कान एकाहत्तराव्या वर्षीही शाबूत होता.

बायकोच्या पावलांत मात्र त्यांना कधी दोष सापडला नव्हता आणि याचं त्यांना भारी कौतुक होतं. एकोणसत्तर वर्षांची बाई, अंगानं काटकुळी, रोज तळापासून एकतीस मजले एका दमात चढत होती. पाऊल पायरीवर पूर्ण टेकवायचं, टाच अधांतरी ठेवायची नाही, कठड्याला हात फक्त वळणावर लावायचा आणि तोंड मिटून नाकानं श्वास घ्यायचा, ही त्यांची पद्धत. वर पोचल्या की ओढणीनं मान पुसत त्या म्हणत, "काय हो, नवरदेवासारखे वाट बघत बसलात?" आणि उत्तराची वाट न बघता तशाच बत्तिसाव्या मजल्यावरच्या सत्त्वकेंद्रात जात. चढून झाल्यावर वीस मिनिटांच्या आत तिथं पोचावं लागे.

त्या काळात जिन्यांना पुन्हा बरे दिवस आले होते. त्याआधीची पन्नास वर्षं जिना म्हणजे इमारतीची अडगळ होती. आग लागली तर उपयोगी पडेल म्हणून बांधलेला, जड दारामागं कोंडलेला; त्यात मोडक्या सायकली, उरलेल्या फरशा आणि कुणाकुणाच्या चपलांची कपाटं. आता त्याच जिन्यांना काचेच्या भिंती आल्या होत्या आणि दर तीन मजल्यांवर बाक आणि पिण्याचं पाणी होतं. लिफ्ट सहाव्या मजल्यापर्यंत थांबतच नसे. आजारी माणसं आणि गरोदर बायका यांना तेवढं लिफ्ट थांबवायचं कार्ड मिळे. लोक एकमेकांना भेटले की तब्येतपाण्याऐवजी "किती झाले?" असं विचारत आणि समोरचा मजले सांगे. जिन्याच्या रीतीभातीही ठरून गेल्या होत्या. उतरणाऱ्यानं भिंतीकडे सरकायचं, कठडा चढणाऱ्याचा. चढणाऱ्याशी बोलायचं नाही, बोलायचं ते उतरताना. नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरच्या या गिरिजा संकुलात सुवर्णाबाई चढताना दिसल्या की कॉलेजची टारगट मुलंसुद्धा भिंतीला पाठ लावून उभी राहत.

सुवर्णाबाईंचं जिन्याशी सख्य मात्र त्याच्या फार आधीपासूनचं होतं, आणि त्याला कारण होते खुद्द योगेशराव. लग्नानंतर महिनाभरानं ते त्यांना आपलं काम दाखवायला म्हणून एका नव्या इमारतीत घेऊन गेले. सकाळीच त्यांनी स्वतः तेलपाणी केलेली लिफ्ट. ती चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये जी अडकली, ती पाऊण तास हलली नाही. बाहेर आल्यावर सुवर्णाबाई एवढंच म्हणाल्या, "झालं दर्शन." त्यानंतर त्या लिफ्टमध्ये चढल्या नाहीत. कचेरी असो, दवाखाना असो, मुलीचं अकराव्या मजल्यावरचं सासर असो, या आपल्या जिन्यानं. लिफ्टवाल्याची बायको जिन्यानं जाते, याची सगळ्या नातेवाइकांत चेष्टा होई आणि त्या चेष्टेत योगेशराव सगळ्यांच्या पुढे असत.

मग योगेशरावांना स्मृतिझीज झाली. डोंगराची माती जशी दर पावसाळ्यात थोडी थोडी वाहून जाते, तशी या आजारात माणसाची समज जाते. एके दिवशी योगेशराव स्वतःच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये उभे राहिले आणि समोरची बटणं कशासाठी असतात ते त्यांना आठवेना. तिथून पुढची साडेचार वर्षं त्यांच्या डोक्यात कोरी होती. दीड वर्षापूर्वी एका दुपारी, केंद्रातल्या खुर्चीवर, शेजारी बसलेली बाई कोण हे त्यांना कळलं. "सुवर्णा, तू किती वाळलीस गं," असं ते म्हणाले आणि सुवर्णाबाई, ज्यांच्या डोळ्यांत पाणी म्हणून कोणी पाहिलं नव्हतं, त्या चारचौघांत हुंदके देऊन रडल्या.

बरं झाल्यावर माणूस गप्प बसेल तर तो कारागीर कसला? योगेशरावांनी केंद्राच्या प्रमुख डॉ. ओवी धात्रक यांना गाठून, हे यंत्र चालतं तरी कसं, ते विचारलं. डॉक्टर चाळिशीच्या आतबाहेरच्या, शांत, हळू बोलणाऱ्या.

"काका, आपण पायरी चढतो तेव्हा अख्खं शरीर प्रत्येक पावलाला वर उचलतो," डॉक्टर म्हणाल्या. "मांडीचे मोठे स्नायू राबतात, हाडांवर भार पडतो. ते स्नायू आणि ती हाडं रक्तात काही द्रव्यं सोडतात, यकृत त्यात आपली भर घालतं. हे मिश्रण मेंदूपर्यंत गेलं की तिथली सूज उतरते आणि झिजलेले धागे पुन्हा जुळायला लागतात. त्या मिश्रणाला आम्ही चढसत्त्व म्हणतो."

"आणि ते एकाचं दुसऱ्याला चालतं?"

"हाच तर शोध. रक्तगट जुळला तर चालतं. काकू चढून येतात, आम्ही त्यांचं रक्त घेतो, त्यातलं पाणी, म्हणजे रक्तद्रव, वेगळं काढतो, लाल पेशी त्यांना परत देतो. तो रक्तद्रव दुपारी तुम्हाला. चढल्या काकू, उपयोग तुम्हाला."

"मग कारखान्यात का करत नाही?"

"करून पाहिलं. त्रेचाळीस द्रव्यं आहेत त्यात आणि त्यांचं प्रमाण मिनिटामिनिटाला बदलतं. सगळी आणून एकत्र केली तरी गुण येत नाही."

"म्हणजे एकेकीच्या हातचा मसाला असतो तसं."

"अगदी तसं," डॉक्टर हसल्या. "आणि तुम्ही स्वतः चढायचं म्हणाल, तर तुमच्या हृदयाच्या झडपेला तीन मजलेसुद्धा झेपायचे नाहीत. तो विचार सोडा."

नात्यातल्या माणसानंच द्यायचं, असा कायदा होता. तेव्हा राज्यभर हजारो जिन्यांत हजारो माणसं कोणासाठी तरी चढत होती. लेक बापासाठी, भाऊ भावासाठी, आणि सगळ्यात जास्त बायका नवऱ्यांसाठी. योगेशरावांना हे सगळं फार अद्भुत वाटे. आपण ज्या उंचीला दोर आणि मोटार लावून हरवलं असं समजत होतो, त्याच उंचीनं आपल्याला परत माणसांत आणलं, असं ते भेटेल त्याला सांगत. आता बायकोची चेष्टा करण्याचं त्यांनी कानाला खडा लावून बंद केलं होतं. पहाटे उठून ते स्वतः कणीक मळत, पोळ्या लाटत आणि सुवर्णाबाईंचा डबा भरत. चढण्याआधी खाल्लं पाहिजे, असं केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. खाली बागेत बसून खाते आणि मग चढते, असं सुवर्णाबाई म्हणत.

हे सुख दीड वर्ष टिकलं. मग एका मंगळवारी योगेशरावांना पावलांत खोट ऐकू आली.

खोट अगदी बारीक होती. दर वळणावर सुवर्णाबाई क्षणभर थांबत होत्या. दम लागून थांबलेलं पाऊल वेगळं. त्यात श्वास ऐकू येतो. यात श्वास नव्हता. लिफ्ट कधी कधी मजल्यावर येऊन दार उघडण्याआधी अडखळते, तिला पुढचा हुकूम मिळालेला नसतो, तसं ते थांबणं होतं. वर जायचं की खाली, हे त्या पावलांना दर वळणावर नव्यानं ठरवावं लागत होतं.

"आज बरं नाही का?" त्यांनी विचारलं.

"मला काय धाड भरलीय?" सुवर्णाबाई म्हणाल्या आणि वर गेल्या.

पण आता योगेशरावांचं लक्ष लागलं. आमटीत दोनदा मीठ पडलं. मुलीचा फोन ठेवल्यावर पाच मिनिटांनी सुवर्णाबाई म्हणाल्या, "बरेच दिवसांत तिचा फोन नाही." एकदा जिन्याच्या तोंडाशी येऊन त्या योगेशरावांकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "तुम्ही इथं कशाला बसता रोज?" ते चेष्टेनं विचारलेलं नव्हतं.

दोष नुसता ऐकून ते कधी थांबले नव्हते. मुळाशी जायची सवय. त्या दिवशी दुपारी दोनला सुवर्णाबाई स्वयंपाकघरात पाठमोऱ्या बसून जेवत होत्या. योगेशराव पाणी प्यायला म्हणून गेले. सुवर्णाबाईंपुढे सकाळचा डबा होता. योगेशरावांनी पोळ्यांची चौघडी घातली होती, डाव्या बाजूला लिंबाचं लोणचं, उजवीकडे मटकी, वर काकडीचे चार काप. काप चारच होते आणि होते तिथेच होते. लोणचं पोळीला लागून कडेला पिवळा डाग पडला होता.

"सकाळी खाल्लं नाहीस?"

"खाल्लं ना. हे उरलेलं."

"सुवर्णा, डबा मी भरलाय."

सुवर्णाबाई पोळी मोडत, त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "घरात नैवेद्य दाखवल्याशिवाय कधी घास घेतलाय का मी? आधी द्यायचं असतं, मग खायचं असतं. खाऊन पिऊन दिलं तर त्यात द्यायचं ते काय राहिलं? जिन्यातल्या सगळ्याच जणी तसंच करतात."

"आणि केंद्रात विचारत नाहीत?"

"विचारतं की ते दारावरचं यंत्र. 'आजी, जेवण झालं का?' म्हणतं. 'हो, झालं बाई,' म्हणायचं. कोणी जेवलात का विचारलं तर 'नाही' कसं म्हणणार? आपल्यात म्हणतं का कोणी?"

योगेशराव निघाले ते थेट लिफ्टनं बत्तिसाव्या मजल्यावर गेले. एक मजला, तोही लिफ्टनं, याची त्यांना त्या दिवशी लाज वाटली. डॉ. धात्रक खोलीत एकट्याच होत्या. योगेशरावांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. पावलांची खोट, मीठ, फोन, डबा, आणि तो "हो, झालं". हे सांगताना त्यांच्या आवाजात काळजी होती, पण खोटं कशाला बोला, थोडा अभिमानही होता. एवढी शिकलेली माणसं, एवढी यंत्रं, आणि घोटाळा सापडला तो एका लिफ्टवाल्याला.

डॉक्टर ऐकत राहिल्या. त्यांना धक्का बसला नाही, याचं योगेशरावांना नवल वाटलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पोट भरलेलं असेल तर शरीर दिलेलं चढसत्त्व संध्याकाळपर्यंत पुन्हा तयार करतं. देणाऱ्याचं काही जात नाही. उपाशी पोटी मात्र तयार करायला माल नसतो. मग शरीर ते स्वतःच्या मेंदूतल्या साठ्यातून ओढतं. घरात दाणा नसताना पाहुणा आला, आणि पेरायला ठेवलेलं बी रांधून वाढलं, तसं. ते जास्त कसदार असतं, काका. दुपटीनं गुण येतो. आमचे आकडे सगळ्या जगात चांगले का येत होते, ते आम्हाला आधी कळतच नव्हतं. यंत्राच्या नोंदीत चार हजार बायका रोज जेवून येत होत्या. एकीनंही कधी 'नाही' म्हटलं नव्हतं."

"म्हणजे तुम्हाला हे माहीत होतं?"

"पाच वर्षांपासून."

"कोणी शोधून काढलं?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तुम्ही."

योगेशरावांना वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. डॉक्टर उठल्या, कपाटातून एक जाड फाइल काढली आणि त्यांच्यापुढे उघडून धरली. एका कागदावर त्यांचंच अक्षर होतं. कामाच्या नोंदवहीत लिहायचे तसं तिरकं, प्रत्येक ओळीखाली रेघ मारलेलं. *माझ्या पत्नीच्या प्रकृतीस यामुळे अपाय होत असल्याने मी यापुढे चढसत्त्व घेणार नाही.* खाली सही. तारीख पाच वर्षांपूर्वीची. डॉक्टरांनी पान उलटलं. तोच मजकूर, तीच सही, तारीख तीन वर्षांपूर्वीची.

"तुम्हाला वाटतं तुम्ही साडेचार वर्षं एकसलग आजारी होतात," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "तसं नाही. मध्ये दोनदा तुम्ही पूर्ण बरे झालात. दोन्ही वेळा तुम्हाला काकूंच्या पावलांत फरक ऐकू आला, दोन्ही वेळा तुम्ही डबा पकडलात आणि असेच तावातावानं या खोलीत आलात. नकार लिहून दिलात. मग चार-पाच महिन्यांत पुन्हा झीज झाली. ते महिने आणि त्याआधीचे दिवस, सगळंच पुसलं गेलं."

"आणि मग?"

"माणसाला स्वतःचं कळेनासं झालं की त्याच्या वतीनं जोडीदाराची सही चालते. काकूंनी सही केली आणि चढायला सुरुवात केली."

"तुम्ही तिला थांबवलं नाहीत?" योगेशरावांचा आवाज चढला. "तुम्ही डॉक्टर आहात!"

"आम्ही रक्त तपासून उपाशी बायकांना परत पाठवायला लागलो होतो. त्याविरुद्ध बायकाच कोर्टात गेल्या. 'आमच्या अंगातलं कोणाला किती द्यायचं ते आमचं आम्ही बघू,' असं त्यांचं म्हणणं. त्या जिंकल्या, काका. आता दारावरचा तो प्रश्न नुसता विचारायचा म्हणून विचारतो. मी दर महिन्याला काकूंना समोर बसवून समजावते. त्या मान डोलावतात, माझ्या मुलाची चौकशी करतात आणि सही करून जातात." डॉक्टरांनी फाइलमधलं पान सरळ केलं. "मी वीस वर्षं माणसांचे मेंदू तपासतेय. इतक्या शांतपणे स्वतःला देऊन टाकणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. तुम्ही पहिला नकार लिहून दिलात तेव्हा मी घाबरून काकूंना फोन केला होता. त्या काय म्हणाल्या सांगू? 'करू देत त्यांना सही. विसरतील ते.'"

योगेशराव दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले. रागावं की हात जोडावेत, हे त्यांना कळेना. आयुष्यभर ज्या बाईला आपण लिफ्टच्या दारात उभं राहून हसलो, तिनं आपल्याला तीन वेळा खोल खड्ड्यातून वर काढलं, आणि आधीच्या दोन्ही वेळा आपण ओरडून तिचा हात झिडकारला, आणि दोन्ही वेळा तिनं आपण विसरायची वाट बघितली. हे त्यांना सोसवेना. त्यांनी डोळे पुसले.

"कागद द्या," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा लिहितो."

"लिहा. पण आधी एक ऐका." डॉक्टरांनी फाइलमधला शेवटचा तक्ता काढला. "या वेळी फरक आहे. काकू खूप पुढे गेल्यात. गेल्या महिन्यात रक्त देता देता त्यांनी मला दोनदा विचारलं, 'हे कोणासाठी काढताय गं?' पाय चढतात, कारण पायांना सवय आहे. पण तुम्ही नकार दिलात आणि पाच महिन्यांनी तुमची झीज झाली, तर तुमच्या वतीनं सही करायची असते हे काकूंना आठवेल, याची मला खात्री नाही. त्या घरात मग दोन माणसं असतील आणि दोघांनाही दुसरं कोण ते माहीत नसेल."

"आणि मी घेत राहिलो तर?"

"तुम्ही दहा वर्षं असेच राहाल. काकू वर्षभरात तुम्हाला ओळखणार नाहीत."

"आणि ती खाऊन चढली तर?"

"तर त्यांची झीज तिथंच थांबेल. गेलं ते परत यायचं नाही, पण पुढे जाणार नाही. तुम्हाला मात्र निम्माच गुण मिळेल. तुम्ही हळूहळू घसराल. दोघं मिळून चार-पाच वर्षं तुम्ही एकमेकांना ओळखत राहाल, कधी तुम्ही जास्त, कधी त्या." डॉक्टरांनी तक्ता मिटला. "पण त्या खाणार नाहीत. पाच वर्षं मी हात टेकलेत."

चार-पाच वर्षं, दोघं मिळून. योगेशरावांनी ते शब्द मनात दोनदा घोळवले. मग त्यांनी समोरचा कोरा कागद डॉक्टरांकडे परत सरकवला.

"तुमच्या मुलीकडून समजावलं तर ऐकतील?" डॉक्टरांनी विचारलं.

"ती? ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही," योगेशराव म्हणाले. "बघतो मी."

घरी आल्यावर त्यांनी सुवर्णाबाईंना काही विचारलं नाही. त्या गॅलरीत मेथी निवडत बसल्या होत्या. योगेशराव शेजारी बसून काड्या काढू लागले. थोड्या वेळानं सुवर्णाबाई म्हणाल्या, "कुठं गेला होतात?" ते म्हणाले, "वर." सुवर्णाबाईंनी मान डोलावली. दुपारचा डबा, त्यावरून झालेलं बोलणं, यातलं काही त्यांच्या चेहऱ्यावर उरलं नव्हतं. ती दोन तासांपूर्वीची गोष्ट होती. योगेशराव त्यांच्याकडे बघत राहिले, आणि काय करायचं ते तिथेच त्यांच्या मनात आलं. ते मनात आलं याचीच त्यांना भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डबा भरलाच नाही. कांदेपोहे केले, वर खोबरं आणि कोथिंबीर घातली, दोन ताटल्या टेबलावर मांडल्या आणि सुवर्णाबाई बूट घालायला बसल्या तेव्हा हाक मारली.

"ये, खाऊन घे."

"आत्ता?" त्या म्हणाल्या. "चढायच्या आधी खायचं नसतं."

"असं कोण म्हणालं?"

सुवर्णाबाई बुटाची नाडी हातात धरून थांबल्या. जिन्याच्या वळणावर थांबत तशाच. त्यांची नजर भिंतीवर, खिडकीवर, पोह्यांच्या वाफेवर फिरली. काहीतरी होतं, अगदी जवळ, हात लांबवला तर लागेल इतकं जवळ, आणि योगेशरावांना ते त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांत स्पष्ट दिसत होतं. एक शब्द बोलून ते आठवून देता आलं असतं.

"कोणीतरी म्हणालं होतं," सुवर्णाबाई म्हणाल्या. "नक्की कोण ते..."

"डॉक्टर म्हणाल्यात खाऊन चढायचं. तूच तर मला सांगितलंस काल."

"मी?"

"तूच."

"सांगितलं असेल मग," म्हणत त्या टेबलाशी आल्या, आणि भूक लागलेल्या माणसासारख्या घाईघाईनं खाऊ लागल्या. इतक्या वर्षांची सकाळची भूक होती ती. "मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या. "पण बरे झालेत हो."

त्या दिवशी दुपारी केंद्रातून आल्यावर योगेशरावांना खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराचं नाव पटकन आठवलं नाही. सुवर्णाबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी ते सांगितलं आणि हसल्या. योगेशरावही हसले. किती सकाळी हे जमेल, आणि ज्या सकाळी पोहे करायचे हे आपणच विसरू त्या सकाळी काय होईल, हे त्यांनी मोजायचं टाळलं. त्यांना फक्त उद्याची काळजी होती. तिला एखाद्या दिवशी लख्ख आठवलं, तर ती ताटली बाजूला सारून उपाशी पोटी निघून जाईल आणि आपल्याला ती थांबवता यायची नाही, हे ते ओळखून होते. आजवर आपल्या माणसाला सगळं आठवावं म्हणून लोक देवाला हात जोडतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्या संध्याकाळी योगेशरावांनी देवापुढे हात जोडले आणि उद्या सकाळी तिला काही आठवू नये, असं मागितलं.